घागरींचा नंबर

धुरपदाबाईची मजुरी तुरीच्या डब्यात असायची आन् तो डबा दिराला बरूबर ठाऊक होता. म्हणून तिला बँकेत खातं पायजे होतं, सोताच्या नावाचं. पण तुळजापूरला जावं, तर दुष्काळी कामावरला खडीचा रोज बुडायचा.

त्या साली बँकेचा सिद्धलिंग साहेब दर मंगळवारी कामाच्या दुपारच्या सुट्टीत जीपनं गावात यायचा. गावपुढारी आबारावाच्या ओसरीवर टेबल मांडून बसायचा आन् घाम पुसत माघारी जायचा. येणार कोण? पाण्याचा टँकर त्याच टायमाला यायचा. शिवाय बौद्ध वस्तीतल्या बाया आबारावाची पायरी चढत नव्हत्या, त्यांना कुणी चढूही देत नव्हतं.

सोमवारी आबाराव म्हणाला, "उद्या कुणी न्हाय आलं तर साहेब टेबल बंद करनार हाय."

"बगते की," धुरपदाबाई म्हणाली आन् घरोघर फिरून फुटकी मडकी गोळा करू लागली.

मंगळवारी साहेब आला तर टेबलासमोर मडक्यांची ही लांब रांग! आबाराव बोंबलला, "माझ्या दारात मयत झालंय का गं?"

"ओरडू नका, आबासाब. साहेब, ही म्होरली म्या. ही बिनकाठाची कमलबाई. ही काळी, वस्तीवरली मुक्ताबाई."

"बाई, मडक्यांची खाती उघडत नसतात."

"टँकरवर घागर ठिवली की मानसाचा नंबर लागतो. सरकारी टँकरला चालतंय, तुमालाच का चालंना?"

साहेबाला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "खरी माणसं कुठं आहेत?"

तेवढ्यात वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला.

"तिकडं!" धुरपदाबाईनं साहेबाचे कागद त्याच्या हातात दिले, टेबल डोक्यावर घेतलं आन् निघाली.

"अहो, टेबल!"

"या की मागनं. शिक्का घ्या, खुर्ची ऱ्हाऊ द्या."

वेशीवरल्या लिंबाखाली टँकरभवती सगळ्या गावाची झुंबड होती. टेबल टेकलं तसा आबाराव धापा टाकत आला. "हितं? ह्या सगळ्यांत? टेबल माझ्या ओसरीवरच ऱ्हाईल!"

धुरपदाबाईनं टेबलाचा पाय धरला. "न्यायचं तर मला धरून न्या."

आबारावानं साहेबाकडं बघितलं. साहेबानं घागरी घिऊन उभ्या बायांच्या रांगेकडं बघितलं, मग एक रिकामी बादली पालथी घातली आन् तिच्यावर बसला.

"बोला, पहिलं कोण?"

धुरपदाबाई म्होरं सरकली, पण थांबली. मुक्ताबाई पार मागं, रांगेच्या बाहेर उभी होती.

"मुक्ताबाई, ये गं. तुजी घागर म्या धरते."

"आन् तुजं खातं?"

"माजा नंबर कुटं पळतोय?"

मुक्ताबाईनं अंगठा शाईत बुडवला. आबाराव पाठ फिरवून निघाला, तशी धुरपदाबाईनं मागनं हाळी दिली, "आबासाब, तेवढी खुर्ची धाडून द्या! साहेब पुढल्या मंगळवारीबी हितंच बसनार हायत."

साहेब काय न्हाय म्हणाला न्हाय.