लपवलेला रकाना

मला कटकट खपत नाही, तिथूनच सगळं झालं. रसायनीकडच्या एका कारखान्यात कामगारांच्या नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म मी सांभाळतो. फॉर्म लांबलचक आहे, सकाळी बाहेर रांग लागते, असं म्हणत गेटवरच्या संतोषने महिनाभर माझं डोकं खाल्लं. शेवटी वैतागून मी एक रकाना लपवला: 'टाकीत उतरण्याचं प्रशिक्षण झालं का?' त्यात आपोआप 'हो' पडेल अशी सोय केली. संतोषने खूश होऊन वडापाव आणला, मी मिटक्या मारत खाल्ला.

तीन आठवड्यांनी कोंडाण्याकडच्या वाडीवरचे दोघे भाऊ, हिरू आणि लडकू, कामाला लागले. सुपरवायझर जगदीशने कॉम्प्युटरवरची यादी पाहिली, हिरूपुढे 'हो' दिसलं, त्याला टाकी साफ करायला उतरवलं. आतल्या वायूने दोन मिनिटांत तो गेला. दोरीने वर ओढला तेव्हा त्याची नखं मोडलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको कोंडी लडकूला घेऊन ऑफिसात आली. जगदीशने सांगितलं, हिरूला सगळं शिकवलं होतं, तोच मास्क न लावता उतरला.

"कुनी शिकवलं?" कोंडी म्हणाली. "नाव सांगा."

जगदीशने मला डोळ्यांनी गप्प केलं. लडकूने त्याची मान धरली आणि तोंड टेबलाच्या काचेवर आपटलं. पुन्हा आपटलं. काच तडकली, रक्त कीबोर्डवर आलं. खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं, मरू दे याला, विषय संपेल. मग माझीच मला किळस आली.

"सोड त्याला," मी म्हणालो. "कोणीच शिकवलं नाही. 'हो' मी भरून ठेवलं होतं."

लडकूने दाराचा लोखंडी अडसर उचलला. माझं उजवं मनगट मोडलं. डावा हात टेबलावर दाबून त्याने अडसर पुन्हा उगारला, तेव्हा कोंडी मध्ये आली.

"त्यो हात ऱ्हाऊ दे रं. त्याला लिवायचं हाय."

मी रकाना उघडला. त्या दिवसांत नोंदवलेली एकेचाळीस नावं, सगळ्यांपुढे 'हो'. एकदम बदलता येतात, पण मी डाव्या बोटाने एकेक 'नाही' केलं. कोंडी शेजारी उभी होती.

शेवटचं नाव लडकूचं होतं. येत्या सोमवारी टाकीत उतरायला जगदीशने त्यालाच लावलं होतं.