बयूमींचा खोकला आणि मी

मित्रांनो, मी इजिप्तमधल्या पोर्ट सईद बंदराचा एक जुना पितळी पेला आहे, आणि सध्या माझं डोकं फार तापलेलं असतं.

चाळीस वर्षं जादूगार बयूमींनी मला टेबलावर पालथा घातला आणि माझ्याखालून कोंबडीचं जिवंत पिल्लू काढून दाखवलं. बोटींवरचे प्रवासी टाळ्या पिटायचे. पुढे बयूमींची छाती बिघडली. खोकल्याची उबळ आली की लोक त्यांच्या तोंडाकडे बघत, आणि तेवढ्यात ते पिल्लू माझ्याखाली सरकवत.

मग हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी शेजारच्या इस्त्रीवाल्या आतिफला शिकवायला घेतलं. बिचारा मेहनती, पण त्याने खोकलासुद्धा पाठ केला! ठणठणीत माणूस, आणि दिवसभर माझ्यावर खो खो! मी मनात ओरडायचो, "अरे बाबा, स्वतःचं काहीतरी शोध ना!" पण पेल्याचं ऐकतो कोण?

शेवटी बयूमीही वैतागले. "शुक्रवारी तुझ्या बहिणीच्या बाळाच्या सातव्या दिवसाचा सोहळा ना? तिथे खेळ जमला तर पेला तुझा. नाहीतर देतो तांबटाला वितळवायला."

माझं तर पाणी पाणी झालं.

शुक्रवारी घर गच्च भरलं होतं. रिवाजाप्रमाणे बाळाच्या कानाशी खलबत्ता बडवून झाला, दृष्ट लागू नये म्हणून मीठ उधळून झालं, आणि आतिफ खोकला.

बाळाची आजी, म्हणजे आतिफच्या बहिणीची सासू, कडाडली, "मेल्या, तान्ह्या लेकराजवळ खोकतोस? हो बाहेर!"

"खोटा खोकला आहे, मावशी!"

झालं! सगळे खो खो हसले. कुणीतरी त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. टेबलावर रुमाल चुरगळून पडला होता. तो दिसताच आतिफने सवयीने बोटं बुडवली आणि इस्त्रीआधी शिंपडतो तसं पाणी उडवलं. सगळ्यांचे डोळे थेंबांमागे गेले. दुसऱ्या हाताने काय केलं ते फक्त मला कळलं. मला उचललं तर खाली पिल्लू चिवचिवत होतं, आणि सगळ्यांत आधी आजीनेच टाळी वाजवली.

"खोकला माझा होता रे गाढवा," बयूमी डोळे पुसत म्हणाले. "पाणी तुझं. ने पेला."

तर मित्रांनो, खेळ कुणाकडूनही शिका, पण तो आपल्या हाताच्या सवयीत बसवा. एवढं सांगून मी गप्प बसलो असतो. पण गेल्या आठवड्यापासून आतिफकडे सबरी नावाचा टॅक्सीवाला शिकायला येतो. त्याने जन्मात कधी इस्त्री हातात धरलेली नाही, आणि सकाळपासून माझ्यावर पाणी शिंपडतोय.