माशांच्या टाकीचा बल्ब

तेरच्या बाजारपेठेत माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक भांडलं तर मला चालतं, पण शिकवायला लागलं की डोकं फिरतं. बलभीमआबा शिकवणाऱ्यांतले. त्यांचं दोन एकर ड्रॅगनफ्रूट आहे आणि बिनमोसमी फळ धरायला ते शेतात बल्ब लावतात. त्यामुळं उजेडातलं आपल्याला सगळं कळतं, असा त्यांचा ठाम समज.

मंगळवारी ते आले आणि गप्प उभे राहिले. तेव्हाच मी ओळखलं, गाडी कुठंतरी अडलीय. त्यांची लेक शिवांजली नोकरीसाठी पुण्याला गेली, ती जाताना आपली माशांची टाकी त्यांच्यावर सोपवून. घरात आबा एकटेच. टाकीत खरी झाडं लावलेली. वरचा बल्ब गेला, पण आबा कुणाला विचारतील तर ना! शेतातले लालसर उजेडाचे तीन बल्ब आणून त्यांनी टाकीवर टांगले आणि जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ, म्हणून दिवसरात्र चालू ठेवले. अति तिथं माती. महिन्याभरात काचेवर शेवाळ आलं आणि पानं तपकिरी पडली. मासे तेवढे तगले.

मी सांगितलं, पांढरा एलईडी घ्या, डबीवर साडेसहा हजार केल्विन लिहिलेला. तो दिवसाच्या उजेडासारखा असतो. टाकी लहान आहे, दहा वॉट बास. आठ तास लावायचा आणि बंद करायचा. आबांनी निमूट ऐकून घेतलं. खरं सांगतो, ते वाद घालत नाहीत हे बघून मला वाईटच वाटलं.

“रविवारपर्यंत हिरवं व्हईल का?”

“दीड महिना तरी लागंल, आबा.”

मग त्यांनी हळूच सांगितलं. पोरगी दर रविवारी टाकीचा फोटो मागायची आणि पाच महिने ते एकच जुना फोटो पाठवत होते. आता या रविवारी ती स्वतःच येणार होती.

“लेकीपुढं खोटा पडणार मी,” ते म्हणाले आणि बल्ब घेऊन गेले.

सोमवारी शिवांजली एकटीच दुकानात आली. टाकीचा बल्ब आपोआप बंद होईल असा टायमर तिला हवा होता. आबांवर रागावू नको, असं मी म्हणून गेलो. आगाऊपणाच माझा, पण राहवलं नाही.

“राग कशाचा, काका? पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला, फोटो तोच हाय म्हणून.”

मग दर रविवारी मागत का होतीस, असं मी विचारलं. ती टायमरची डबी उलटसुलट करत राहिली. आबा फोनवर दोन शब्दांपुढं बोलत नाहीत, म्हणाली.

“फोटो आला की कळायचं, उठलेत, चहा घेतलाय, बरे हायत. काल त्यांना सांगितलं, शेवाळाचाबी चालंल.”