पाहुण्याचं पाणी

प्रशांत महासागरातल्या बनाबा बेटावर पुन्हा खाण सुरू करायला आलेला ऑस्ट्रेलियन साहेब गावच्या सभाघरात मांडी घालून बसला आणि लगेच बोलू लागला, "उरलीसुरली माती तेवढी नेऊ. तुमचंही भलंच होईल."

गावातल्या तेरेतियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बेटाची माती खत म्हणून जहाजं भरभरून गेली. साहेबाच्या देशातली कुरणं हिरवीगार झाली आणि इथे उरले नुसते खडकांचे सुळके. खोदता खोदता पिण्याच्या पाण्याच्या गुहाही फुटल्या आणि आटल्या. त्या गुहांमध्ये फक्त बायकांनीच जायचं. तिची आजी अंधारात रांगत जाऊन करवंट्या भरून आणायची. बेटावरच्या एकाही पुरुषाची आत पाऊल टाकायची टाप नव्हती. खाणकंपनीची यंत्रं मात्र न विचारता घुसली.

"थांबा साहेब," म्हातारा तौआबा म्हणाला. "आधी पाणी, मग बोलणं. तेरेतिया, पाहुण्यांना पाणी दे गं."

"देते ना, काका. आजीच्या गुहेतलंच देते."

तिनं आजीची काळी पडलेली करवंटी दोन्ही हातांनी पुढे केली. आत थेंबही नव्हता. साहेबाला वाटलं, इथली रीतच असेल. त्यानं अदबीनं करवंटी तोंडाला लावली, खोटाच घोट घेतला आणि हसून म्हणाला, "वा, छान!"

सभाघरात कुणीच हसलं नाही.

"छान ना?" तेरेतिया कडाडली. "तुमच्या लोकांनी आमच्यासाठी एवढंच ठेवलं होतं. तेही प्यायलात. आता उठा!"