सैल सोडलेल्या तारा

उपकारस्तुतीच्या सभेच्या आदल्या दिवशी एंजेलानं गिटारच्या तारा बदलायला घेतल्या. सकाळचं स्तोत्र वाचून झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. माझा नेम होईपर्यंत माझ्या या सुनेनं जुन्या तारा काढूनही टाकल्या होत्या.

लकव्याचा झटका आल्यापासून आमच्या ह्यांचं बोलणं गेलंय. 'हां' आणि 'न्हाई', एवढंच उरलं. पण गिटार वाजली की गाण्यातले शब्द अख्खेच्या अख्खे बाहेर येतात. देवाची करणी. राहात्याच्या आमच्या मंडळीसमोर उद्या त्यांना स्वतःच्या तोंडानं आभाराचं गीत गायचं होतं. अडचण एकच. धृपदाची दुसरी ओळ वर चढे, आवाज फाटे, आणि मग दिवसभर ते गायचं नावच काढत नसत. एंजेलानं खालचा सूर धरून पाहिला. पण तिला गिटार ह्यांनीच शिकवलेली; तिची बोटं ओळखीची जागा सोडून दुसरीकडे गेली की हे मान हलवून थांबवत.

ही गिटार आमच्या मुलानं, इमॅन्युएलनं पुण्याहून आणलेली. तिला खुंट्यांचं वरचं डोकंच नाही. तार वरच्या टोकाला स्क्रूनं आवळायची आणि सूर खाली, बुडाशी, बारीक नॉब फिरवून लावायचा. ह्यांचा हात मात्र चर्चच्या जुन्या गिटारवर बसलेला. तिथं खुंटीला वेढे पडावेत म्हणून तार सैल सोडावी लागते. एंजेला तार ताणून आवळायला गेली, तसं ह्यांनी तिचं मनगट धरून ती ढिली करायला लावली. ती माझ्याकडे बघून हसली आणि तशीच आवळली. सगळ्याच.

मग नॉब फिरवता फिरवता शेवटाला टेकले, तरी तारा सुरापर्यंत चढेनात.

"मम्मी, हितं वेढे घ्यायला खुंटीच न्हाई," ती हळूच म्हणाली. "येवढा ढिलेपणा नॉबनं कुठवर ओढायचा?"

पुन्हा सोडून ताणायला फार वेळ लागला नसता. पण ह्यांच्या देखत तिला ते करवेना. जी तार सगळ्यात कमी चढली होती, तिच्या मानानं तिनं बाकीच्या उतरवल्या आणि वाजवून पाहिलं.

बोटं नेहमीच्याच जागी होती, सूर मात्र सगळेच खाली उतरलेले. हे गायला लागले. दुसरी ओळ आली, चढली, आणि आवाज फाटला नाही. हे शेवटच्या कडव्यापर्यंत गेले.

एंजेलानं पाना उचलला. आता तारा ओढून सूर वर आणते म्हणाली. ह्यांनी टेकलेल्या नॉबवर बोट फिरवलं. आपलं कुठं चुकलं ते त्यांना कळलं असावं, गालात हसले.

"राहू दे," म्हणाले.

गाण्याबाहेरचे शब्द. एंजेला पाना धरून तशीच बसली. मी ऐकलं का, असं तिनं विचारलं. मी मान डोलावली.

उद्या सभेत पाळकसाहेब प्रत्येकाला आभाराचं कारण विचारतील. आमची कारणं पुष्कळ आहेत. पण या ढिल्या तारांचं चारचौघांत कसं सांगावं, ते मला अजून सुचलेलं नाही.