गाठीच्या बाजूनं कोन?

पंच्याऐंशी साली मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी पाळत होतो. पाळत होतो हाच शब्द खरा, कारण म्हशीपेक्षा त्यांचे नखरे जास्त. पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारा निरोप कुठल्या वाटेने जातो आणि तो नेमका कुठे अडवावा, हे आमचे साहेब शोधत होते. गावी सिहोऱ्याला मी आलो तो मात्र आत्यासाठी. शकुनबाईच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, छातीत गाठ निघाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी मंगळवारी ऑपरेशन ठेवलं होतं आणि ती जायला तयार नव्हती.

“तू तं याच्यातलंच शिकला ना बापू? मंग कापाले काहून सांगतेस? औषध देऊन बंद कर,” ती म्हणाली.

तसं औषध अजून का नाही, हे समजवायला मी अंगणात कोळशाने रेघा ओढल्या. वरून निरोप येतो, एक दार उघडतं, त्यामागचं दुसरं उघडतं, शेवटी पेशी वाढते. कॅन्सरमध्ये यातलं एखादं दार उघडंच अडकून बसतं. इथे माझी चूक झाली, कारण ओसरीवर तुलाराम बसला होता. तो गावच्या तलावाचा पाणकर. कुणाच्या शेताला किती पाणी सोडायचं, हे तोच ठरवायचा.

“हा तं पाट हाये,” तो म्हणाला. “आन् खालच्यायले इचारल्याबिगर मी कोनतंच दार लावत नाई.”

हा नियम सिहोऱ्यात कुणीच मोडत नसे. वरचं दार लावलं की खालचं धान करपतं, म्हणून आधी सभा, मग दार. रविवारी सकाळी देवळापुढे सभा भरली. विषय, शकुनबाईच्या अंगातलं दार. खालचे सगळे हजर हवेत म्हणून एकेका अवयवासाठी माणसं नेमली गेली. गोमाजी यकृत झाला, कारण त्याचं यकृत दारूने आधीच प्रसिद्ध होतं. हृदय दादाजीकडे गेलं. सत्यभामाबाईची वेणी गुडघ्यापर्यंत, म्हणून ती केस झाली.

“औषधानं केस जातीन का?” तिने मला विचारलं.

जाऊ शकतात, असं मी म्हटलं. तिने विरोध नोंदवला.

मग मी भडकलो. अक्कल चरायला गेली आहे का, असं सगळ्यांना विचारलं. दादाजीने मला खाली बसवलं, कारण यकृताची पाळी होती.

“एक दार लावलं तं पानी बाजूनं फोडून निंगन. मंग का करान?” गोमाजी म्हणाला.

याच प्रश्नाने आमच्या साहेबांची झोप उडाली होती.

“आता ज्याचं पानी तोडाचं हाये त्याचं म्हननं आयकू,” तुलाराम म्हणाला. “गाठीच्या बाजूनं कोन?”

कुणी उठेना. शेवटी आत्याच उठली.

“गाठ माही हाये, मीच बोलतो. बापू, थे दार सापडलं का?”

“नाही.”

“कधी सापडन?”

“वीस वर्षं लागतील. कदाचित तीस.”

“आन् तवर?”

“तोवर कापणं हाच इलाज.”

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “माहे मालक, तुहे मामाजी, नागपूरच्या दवाखान्यात एकटेच गेले होते. वापस आले नाई. मले कापाचं भेव नाई लागत, तिथं एकटं पडून राहाचं लागते. गाठीचं येवढंच म्हननं हाये.”

तुलारामने ठराव सांगितला, सभेने हात वर केले.

मंगळवारी पहिल्या एसटीत आम्ही अकरा जण चढलो. ऑपरेशनच्या खोलीकडे नेताना नर्सने विचारलं, “दारापर्यंत एकालाच सोडीन. कोण येणार?” यकृत, हृदय, केस, सगळे एकदम पुढे सरसावले. मी भिंतीला धरून रडत होतो. काय काय होऊ शकतं ते सगळं मला ठाऊक होतं.

आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

“याले येऊ द्या,” ती म्हणाली. “हाच सगळ्यायत जास्त भेला हाये.”