'रणधुरंधर'ची वेबसाईट

यवतमाळच्या त्या साप्ताहिकाचं नाव 'रणधुरंधर' होतं. आठ पानं, त्यातली तीन वाढदिवसाच्या शुभेच्छांची. मी तिथे सहा वर्षं डीटीपी ऑपरेटर होते. बातमीदार हाताने खरडून आणत ते टाईप करायचं, पानं लावायची आणि छपाईला पाठवायची, हे माझं काम. मालक आणि संपादक बापूजी. अग्रलेख त्यांच्या नावाने छापून येई, पण त्यांना लिहिता येत नसे. ते बोलत, मी टाईप करत असे. बोलताना ते खुर्चीतून उठून उभे राहत, समोर सभा भरल्यासारखे.

ही २००७-०८ची गोष्ट. कापसाचं सगळं बिघडलं होतं आणि जिल्ह्यात रोज कुठून ना कुठून पांढऱ्या गाड्या येत होत्या. दिल्लीचे पत्रकार, अभ्यास करणारे, परदेशी बाया. खेड्यांत फिरून झालं की ते यवतमाळला परत येत आणि इथला जाणकार माणूस कोण, म्हणून विचारत. बापूजींना वाटे, तो माणूस आपणच. एका पाहुण्याने त्यांना सहज विचारलं, "तुमच्या पेपरची वेबसाईट आहे का?" बापूजी म्हणाले, "काम सुरू आहे." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या भाच्याला फोन केला.

भाचा म्हणजे नयन. नागपुरात सहा महिन्यांचा कुठलासा कोर्स करून आला होता. ऑफिसात आला तो गॉगल कपाळावर चढवून. माझ्या टेबलाजवळ उभा राहून त्याने बापूजींना विचारलं, "मामाजी, ही टायपिंगवाली रोज येते का?"

"येते ना. नुजहत नाव हाय तिचं."

"मंग हिले सांगून ठेवा, माझ्या फाइलीले हात लावू नको म्हणावं."

मी चार हातांवर बसले होते. मला सांगायचं त्याने मामाला सांगितलं. तिथपासूनच मला त्याचा राग नाही, त्याची किळस आली.

महिनाभरात वेबसाईट झाली. नारळ फुटला, पेढे वाटले. पानावर दोन तोफा धूर सोडत होत्या, मधून बापूजींचा फोटो डावीकडून उजवीकडे सरकत होता आणि खाली आकडा होता: आजवरचे वाचक, पन्नास हजार एकशे एक. वेबसाईट सुरू होऊन तेव्हा दहा मिनिटं झाली होती.

"एवढे कधी आले?" बापूजींनी विचारलं.

"सुरुवात तिथूनच ठेवली, मामाजी. शून्य पाहून माणूस परत जाते."

बापूजींनी मान डोलावली. त्यांना ते इतकं पटलं, की पुढच्याच अंकात पहिल्या पानावर बातमी आली: पन्नास हजार वाचकांचा विक्रमी प्रतिसाद. ती बातमीही मीच टाईप केली.

त्या दिवाळीनंतर मी फुलसावंगीला माझी धाकटी बहीण आरजू, तिच्याकडे गेले. तिचा नवरा जमीर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकानात एक कम्प्युटर होता आणि फोनच्या तारेवरून रडतखडत नेट चाले. जमीर म्हणाला, "बाजी, तुमचा पेपर दाखवा ना इथं."

मी पत्ता टाकला. तोफा आल्या, बापूजी सरकायला लागले. पण मराठीच्या जागी नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंबं, उलटी प्रश्नचिन्हं. एक शब्द वाचता येईना.

"ही कोणती भाषा हाय?" आरजूने विचारलं.

मी तिथूनच नयनला फोन लावला.

"तुमच्या तिकडच्या कम्प्युटरले मराठी येत नसन," तो म्हणाला. "खेड्यातल्या लोकाईनं माझ्या साईटीत खोट काढू नये."

खोट मात्र साधी होती, आणि दुकानातच बसल्या बसल्या माझ्या लक्षात आली. आम्ही ऑफिसात ज्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करत होतो, तो फॉन्ट ज्या कम्प्युटरवर असेल तिथेच मराठी दिसणार. म्हणजे यवतमाळात आमच्या ऑफिसातल्या दोन मशिनींवर. पन्नास हजार वाचकांपैकी वाचू शकणारे आम्ही तिघं.

परत आल्यावर मी दुपारच्या सुट्टीत शोधायला लागले. आठवडाभराने एक साधंसं पान सापडलं. वर रिकामी चौकट, खाली रिकामी चौकट, मधे एक बटण. वरच्या चौकटीत जुन्या फॉन्टचा मजकूर टाकायचा, बटण दाबायचं, की खाली युनिकोड मराठी येतं, म्हणजे कुठल्याही कम्प्युटरवर दिसेल असं. कोणी बनवलं होतं कोण जाणे. नाव नाही, फोटो नाही, तोफा तर नाहीतच. पैसे मागितले नाहीत, पत्तासुद्धा विचारला नाही.

ते थोडं चुकायचं. 'कर्ज'चं 'कजर्' करायचं, 'वर्धा'चं 'वधार्'. ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे सरकवायचं. मी ओळ न् ओळ हाताने दुरुस्त करत असे. एक अंक पूर्ण झाला, तेव्हा मी तो बापूजींना दाखवायला नेला. नयनही तिथेच बसला होता.

बापूजींनी स्क्रीन पाहिला. "चांगलं दिसून राह्यलं. हे सॉफ्टवेअर कितीले भेटलं?"

"फुकट आहे, बापूजी. इंटरनेटवर कोणीही वापरू शकते."

त्यांचा चेहराच उतरला. एखाद्याने घरी बोलावून कोरडा चहा पाजावा तसा. "फुकटचं? अवं, फुकट देणाऱ्याचा काही तरी मतलब असते."

"व्हायरस असते त्याच्यात," नयन म्हणाला. त्याने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. "उद्या सारी साईट उडाली तर ही भरून देणार हाय का?"

"ऱ्हाऊ दे," बापूजी म्हणाले. "आपली चालून राह्यली ना."

त्या मजकुरात मात्र एक कामाची गोष्ट होती. शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी मदतीच्या पॅकेजमध्ये कोणती गावं आली, कोणाचे अर्ज मंजूर झाले, त्याच्या याद्या आम्ही दर आठवड्याला छापत होतो. पेपर खेड्यांत पोचत नसे, पोचला तर चार दिवसांनी पुड्या बांधायला जाई. मी बापूजींना विचारलं, "नुसत्या याद्या मी वेगळ्या फुकटच्या ब्लॉगवर टाकू का?"

"टाक. कोण वाचते," ते म्हणाले.

मग मी रोज एक तास टाकत गेले. गावाचं नाव, तालुका, यादी आणि शेवटी ऑफिसचा फोन नंबर. दुसरं काही नाही. पानाच्या खाली मी एक फुकटचा मोजणारा लावला, तो रोज किती माणसं आली आणि कुठून आली ते सांगे. तो शून्यापासून सुरू झाला. पहिल्या दिवशी मी एकटी. पंधराव्या दिवशी एकोणीस माणसं. आपल्या गावाचं नाव शोधणाऱ्याला ते पान सापडत होतं, कारण आता ती खरी मराठी अक्षरं होती. गंमत म्हणून तसाच मोजणारा मी नयनच्या फाइलीत शिरून पेपरच्या वेबसाईटवरही गुपचूप लावून पाहिला. महिन्याभरात चव्वेचाळीस. त्यातले अडतीस आमच्याच ऑफिसातून.

जानेवारीत झरी जामणीहून फोन आला. बेबीताई नावाच्या बाई, तिथल्या एका गावात अंगणवाडी चालवत. फोन बापूजींनीच घेतला. मोठ्याने बोलत होते म्हणून मला सगळं ऐकू आलं. त्या तालुक्याच्या ठिकाणी नेटवर यादी पाहून आल्या होत्या, त्या यादीमुळे गावातल्या सात जणांना आपलं नाव मंजूर झाल्याचं कळलं, नाही तर कोणी सांगितलंच नव्हतं.

बापूजींनी फोन ठेवला आणि डोळे पुसले. खरंच पुसले. मग म्हणाले, "नयन, पोरा, तुझ्या साईटीनं सात घरं वाचवली."

नयन माझ्याकडे पाहत होता. त्याला माहीत होतं. तो हसला आणि म्हणाला, "आपलं कामच हाय ते, मामाजी."

ते पान माझं आहे, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. घरी अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "तू काहून चूप बसली? मुँह में दही जमा था क्या?" पुढच्या आठवड्यात पत्रकार भवनात नयनचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सत्काराची बातमी मी टाईप केली आणि 'युवा संगणकतज्ज्ञ' या शब्दात एक तरी चूक सोडावी असं फार वाटलं. तेही केलं नाही. त्या दिवशी त्या दोघांपेक्षा मला माझीच जास्त लाज वाटली.

फेब्रुवारीत मी आणखी एक गोष्ट पाहिली. एका फुकटच्या साईटवर कोणत्याही वेबसाईटचा पत्ता टाकला की ती कोणाच्या नावावर आहे आणि त्या नोंदणीची मुदत कधी संपते ते दिसतं. सातबाऱ्यासारखंच. मुदतीत पैसे भरले नाहीत, तर तो पत्ता दुसरा कोणीही घेऊ शकतो. मी आमचा पत्ता टाकला. मालक म्हणून बापूजींचं नाव नव्हतं, 'रणधुरंधर'चंही नव्हतं. नयनचं होतं. मुदत संपायला तीन आठवडे उरले होते, आणि नयन नोकरी धरून पुण्याला निघून गेला होता.

कागद छापून मी बापूजींसमोर ठेवला.

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हे कोणं सांगितलं तुले?"

"साईट आहे एक. कोणीही पाहू शकते."

"म्हंजे फुकटची."

"हो."

"नुजहत," ते म्हणाले, "फुकटच्या साईटीवर भरोसा ठेवून मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोरावर शक घेऊ? त्याच्याविषयी तुह्या पोटात काय दुखते ते मले समजते." आणि तो कागद त्यांनी टेबलावरच्या चहाचा डाग टिपायला वापरला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दिल्लीहून एक मंडळ आलं. चार माणसं, दोन बाया. बापूजींनी त्यांना ऑफिसात बोलावलं, सामोसे मागवले, मला वेबसाईट लावायला सांगितली. मी मुदत विसरले नव्हते. तरी काही न बोलता पत्ता टाकला. बोलून एकदा झालं होतं.

तोफा आल्या नाहीत. टक्कल घालवायच्या तेलाच्या जाहिराती आल्या, आणि त्यांच्या बाजूला तोकड्या कपड्यातल्या गोऱ्या बाया. बापूजींनी स्क्रीनसमोर हात धरला. पाहुण्यांतल्या एकाने सामोसा परत बशीत ठेवला. बापूजींनी नयनला तीन वेळा फोन लावला. एकदाही उचलला नाही.

मंडळातल्या एक वयस्क बाई हिंदीत म्हणाल्या, "कोई बात नहीं. वो गाँवों की लिस्टवाला पन्ना भी आप ही का है ना? हम उसी को देखकर आये हैं." त्यांनी पिशवीतून कागद काढले. माझ्या याद्या होत्या.

"जी हाँ," बापूजी म्हणाले, "हमारा ही है."

मंडळ गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. सहा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यासमोर स्वतःहून खुर्ची ओढून बसले. "त्या पानाच्या वर पेपरचं नाव टाक. माझा फोटो टाक. खाली लिही, संकल्पना बापूजी."

"नाही, बापूजी."

"काय नाही?"

"पेपर तुमचा आहे. ते पान माझं आहे. तुम्हीच म्हणालते, कोण वाचते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. कपाटातली एखादी वस्तू बोलायला लागावी तसं काही होतं. मग ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

मी चष्मा, डबा आणि माझी पेन ड्राइव्ह उचलली. दाराशी मागे वळून पाहिलं नाही. वळण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

पुढे मी लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात लागले. संध्याकाळी तिथल्याच मशिनीवर याद्या टाकत राहिले. पेपरकडे येणाऱ्या याद्या आता माझ्या हाती नव्हत्या, म्हणून लोकच तहसीलच्या फलकावरून उतरवून आणू लागले. कोणी वहीच्या पानावर, कोणी हातावर लिहून. पॅकेज संपलं तसं त्या याद्याही आटल्या. 'रणधुरंधर' दोन वर्षांनी बंद पडला. शेवटच्या अंकाच्या माथ्यावरही तो तेलाच्या जाहिरातींचा पत्ता तसाच छापलेला होता. याद्यांचं पान मात्र मी नेटवर अजून ठेवलं आहे. मोजणाऱ्यात दिसतं, कधी तरी कुठून तरी एखादा माणूस आपल्या गावाचं नाव शोधत तिथे येतो, दीड मिनिट थांबतो आणि निघून जातो.